ओव्याची धुरी

“आत्याबाई, माझ्या बाळंतपणात ओव्याची धुरी तुमच्याच हातानं द्यायची,” सून मंजुश्री म्हणाली होती. मी ‘हाव’ म्हणाले.

गावच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली कुलपात होती, डॉक्टरच नव्हता. कळा सुरू झालेल्या मंजुश्रीला लातूरला नेताना वाटेत औशाच्या अलीकडंच ती गेली, पोटातल्या लेकरासकट.

ते कुलूप निघेपर्यंत मी दिवसातून एकदाच जेवते. आज लिंगपूजा करून त्या दारापाशी गेले, तर आतून ओव्याच्या धुरीचा वास.

“सिस्टर, आत कोण आहे?”

“कुणी न्हाई, आजी. चावी साहेबाकडं हाय.”

“लेकीबाळी मारून कुलूप राखता काय?” माझा आवाज जन्मात पहिल्यांदा चढला.

वास विरत गेला. आत तान्हं बाळ थंडीनं कुडकुडल्यागत रडू लागलं. सिस्टर पळाली.

मी घरी येऊन शेगडीत निखारे भरले, पदराला ओवा बांधला आणि परत निघाले.