आडगल्लीतले दोन दाणे

मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात सकाळपासून अख्खं गाव रांगोळीनं काढणं चाललं होतं, आणि नळाच्या कामासाठी तालुक्याहून, भूमहून आलेल्या दीपालीनं पहिला हुकूम सोडला होता तो कोंबड्यांविषयी. त्यांना लांब ठेवा. कारण नकाशातल्या या गावात माणसं ज्वारीच्या दाण्यांची होती. ज्या घरात जेवढी माणसं तेवढे दाणे, आणि कुलूप लागलेल्या घरावर कोळशाचा खडा. तरी वरच्या आळीतली दोन माणसं एका कोंबडीनं गट्टम केलीच. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

कमलबाई हसली नाही. ती नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आडगल्लीपाशी बसली होती. ज्या आडावरून गल्लीला नाव पडलं तो आटून वर्षं झाली होती. त्याच्यामागं माणसंही आटत गेली. कुणी वाशीला गेलं, कुणी तेरखेड्याला फटाक्यांच्या कामाला. गल्लीभर कोळसेच कोळसे. कमलबाईच्या घरात एक दाणा, ती स्वतः. समोरच्या फातिमाबीच्या घरात मात्र तिनं अजून काहीच ठेवलं नव्हतं. मुठीतला दाणा घामानं ओला झाला होता.

या नकाशावरून नवा नळ कुठून न्यायचा ते ठरणार होतं. पाइप मोजका, म्हणून गेल्या सभेत गावानंच ठराव केला होता की ज्या गल्लीत दोन तरी नांदती घरं असतील, त्याच गल्लीत नळ आत न्यायचा. सगळ्यांबरोबर कमलबाईनंही हात वर केला होता. आपल्या गल्लीचा हिशेब तेव्हा तिच्या मनातही आला नाही. रोज सकाळी दार उघडलं की तिला समोर फातिमाबीचा उंबरा दिसायचा. गल्ली रिकामी आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"नल आया तो बोल, कमल. उसी दिन यष्टी में बैठती," फातिमाबी जाताना म्हणाली होती. गुडघे हापशापर्यंत नेईनात, म्हणून तिचा मुलगा अल्ताफ तिला पुण्याला घेऊन गेला. अजून फोन केला की पहिली चौकशी नळाचीच. दोन उंबरे समोरासमोर, मधून एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. दोघींनी आपापल्या उंबऱ्यावर बसून सबंध जन्माच्या गप्पा मारल्या, आवाज चढवायची कधी गरज पडली नाही. आता कमलबाई तिथंच बसून कुलपाकडं बघते.

दीपाली वाकून चिमटीतनं नीळ सोडत येत होती. नळाची निळी रेघ वेशीतून निघाली, शाळेला वळसा घालून आडगल्लीच्या तोंडाशी आली. कमलबाईनं मूठ उघडली आणि दाणा फातिमाबीच्या घरात पडला.

"इथं दोन घरं का? बरं," दीपाली म्हणाली आणि रेघ आत वळली. कमलबाईचा जीव त्या रेघेबरोबर पुढं सरकत होता. रेघ अर्ध्या गल्लीपर्यंत आली.

"थांबा की ओ म्याडम!" शेजारच्या गल्लीतला बब्रुवान म्हणाला. त्याचं खटलं मोठं, नकाशातल्या त्याच्या घरात दाण्यांची रासच पडली होती. "त्या घराला कुलूप हाय. वहिनी, मारुतीफुडं तरी खोटं कशाला?"

दीपाली कमलबाईशेजारी उकिडवी बसली. "मावशी, तिथं आता कोण राहतं?"

"अंगण रोज झाडल्यालं असतंय."

"झाडतं कोण?"

कमलबाईनं मान खाली घातली. "म्या."

कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"ती पाण्यापायी गेली, बाई," कमलबाई म्हणाली. "पाणी आलं की येनार हाय. आन् तुमी म्हनताव, ती आली की पाणी देऊ. मंग आधी कुनी यावं?"

"मावशी, मला आज जे आहे तेच दाखवता येतं," दीपाली हळूच म्हणाली आणि ओढणीच्या टोकानं आत आलेली नीळ पुसू लागली. पुसताना तिनं कमलबाईकडं बघितलं नाही. बब्रुवाननं दाणा उचलून कमलबाईच्या हातावर ठेवला आणि त्या जागी कोळसा मांडला. त्यालाही काही बरं वाटत नव्हतं, पण मांडला.

देवळाच्या ओट्यावर चढून दीपालीनं फोटो काढला. चहा झाला. माणसं पांगली.

कमलबाई उठली नाही. पटांगण मोकळं झाल्यावर तिनं तो कोळसा उचलून लांब टाकला आणि दाणा परत होता तिथं ठेवला. तेवढ्यात कोंबड्या आल्याच.

"काकू, फोटो गेला की भूमला," कपबशा गोळा करणारी एक बाई म्हणाली. "आता कशाला राखताव? खाऊ द्या त्यास्नी."

"खाऊ देते की," कमलबाई म्हणाली.

तिनं हात लांबवून बब्रुवानच्या घरातली सगळी रास मुठीत गोळा केली आणि पार दुसऱ्या टोकाला भिरकावली. कोंबड्या तिकडं धावल्या. आडगल्लीत दोन दाणे समोरासमोर राहिले. ऊन चढत होतं. कमलबाई त्या दोघांवर पदराची सावली धरून राखत बसली.