पहारेकऱ्याचे चार विचार

“आई, हे चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये.” सुनेने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “डॉक्टरांना शंका आहे. बाळाच्या हृदयाला छिद्र असावं म्हणतात. शनिवारी सकाळी रिपोर्ट फोनवर येईल. तुमच्या मुलालाही सांगू नका, उगाच इंटरनेटवर शोधत बसेल.”

सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. हात होता तिथेच थांबला. त्यांनी झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. “कुणाला नाही सांगत,” एवढंच बोलून त्या खोलीत गेल्या. दार लागलं.

गेल्याच लगेच बातमी पोचवायला, सुनेच्या मनात आलं.

बाळाचं हृदय ठणठणीत होतं. डॉक्टरांनी तसलं काही म्हटलंच नव्हतं. पण सापळा लावायचा तर त्यात काहीतरी ठेवावंच लागतं.

सापळा होता पहारेकऱ्यासाठी. पहारेकरी हे टोपणनाव. त्या नावाने कुणीतरी दर शनिवारी इंटरनेटवर चार विचार लिहायचं: बातमीवर एक, तंत्रज्ञानावर एक, विश्वासावर एक आणि करमणुकीवर एक. चर्चमधली झाडून सगळी माणसं ते वाचायची आणि रविवारी उपासना सुटली की आवारात उभ्याउभ्या त्याचा कीस पाडायची. सुनेलाही तो आवडायचा. गेल्या शनिवारी तंत्रज्ञानाच्या विचारात त्याने उपवासाचे फोटो टाकणाऱ्यांची बिनपाण्याने केली होती. उपवास धरलाय ना, मग डोक्याला तेल लावा, भांग पाडा, हसत फिरा. घरातल्यांनाही पत्ता लागता कामा नये. ती खुदकन हसली होती. मग विश्वासाचा विचार आला आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

‘एक तरुण आई झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे आरसा धरते,’ पहारेकऱ्याने लिहिलं होतं. ‘पावडरच्या डबीतला, कडेचा टवका उडालेला. काचेवर वाफ धरली की तिच्या जिवात जीव येतो. बाई गं, देव जागा आहे यावर तुझा भरवसा नाही का?’

तो आरसा सुनेच्या उशीखाली होता. कपाटाच्या खणात सापडलेला. टवक्यासकट. रोज रात्री ती तो बाळाच्या नाकापुढे धरायची. नवऱ्याला तिने तो कधी दाखवला नव्हता. म्हणजे चोरून पाहणारं आणि पहारेकऱ्याच्या कानाला लागणारं माणूस घरात एकच उरत होतं, आणि सोमवारी तिची रजा संपली की बाळाला दिवसभर तेच सांभाळणार होतं. शनिवारच्या चार विचारांत बाळाचं हृदय आलं, तर सोमवारी बाळ पाळणाघरात. तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आठवडाभर तिची नजर सासूबाईंवरून हटली नाही. जुना लॅपटॉप त्यांनी गीतं ऐकायला म्हणून कधीच खोलीत नेला होता. दाराला कान लावला, तर गीत कसलं, आत नुसती टकटक. एरवी दुपारपर्यंत केसांचं टोपलं घेऊन वावरणाऱ्या सासूबाई आता सकाळीच चापूनचोपून तेल लावून, भांग पाडून बाहेर यायच्या. जेवायला हाक मारली की, “तुम्ही बसा, मी मागून घेते.” मागून जाऊन पाहावं, तर त्यांचं ताट भांड्यांच्या जाळीत उभं, कोरडं ठाक. जेवल्या कधी, घासलं कधी, काही कळायचं नाही.

“फार नटताय हल्ली,” सुनेने टोचून पाहिलं.

“मग? नातवाने उद्या आजी म्हणून काय बुजगावणं आठवायचं?” सासूबाई हसल्या. हसणं जरा जास्तच होतं, असं सुनेला वाटलं.

शनिवारी सकाळी ती फोन घेऊन खिडकीशी उभी राहिली. पान उघडेना. सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन दारात आल्या.

“आलं का गं काही?”

घाई बघा, तिच्या मनात आलं. “नाही अजून.”

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. पान उघडलं. बातमीवर काही नव्हतं. तंत्रज्ञानावर नाही, करमणुकीवर नाही. विश्वासाखाली तेवढ्या चार ओळी होत्या.

‘गेल्या वेळची ती आई कोण, असं पुष्कळांनी विचारलं. मीच ती. तो आरसा अजून कपाटाच्या खणात पडलेला असेल. ज्याच्या नाकापुढे धरायची, तो आता स्वतः बाप झालाय. तेव्हा देवावर भरवसा नव्हता आणि या आठवड्यात कळलं, आजही पुरता नाही. बाकीचे तीन विचार राहू द्या, अंगात त्राण नाही.’

तिने ते पुन्हा वाचलं. मग उशीखालून आरसा काढला आणि टवक्यावरून बोट फिरवलं.

स्वयंपाकघरात सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळ मांडीवर होतं. भांग सरळ, केस तेलाने चमकत होते. त्याखालचा चेहरा मात्र पार ओढलेला. तो तिने इतके दिवस पाहिलाच नव्हता. सासूबाईंची नजर तिच्या हातातल्या फोनवर खिळली होती. जाळीत ताट उभं होतं. कोरडं.

“आई,” ती म्हणाली, “बाळाच्या हृदयाला काही नाही. काहीसुद्धा नाही.” काही नव्हतंच, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले.

सासूबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी बाळाला तिच्या हातात दिलं आणि भिंतीचा आधार घेत ताटाकडे हात लांबवला.

“वाढ गं मला,” त्या म्हणाल्या. “आता जेवते.”