पेटीवरचा हिरवा दिवा

"दिवा कोणता लागून राहिला, बाबा?"

"कोणता लागाले पायजे?"

"हिरवा."

"मंग हिरवाच हाय," रत्नपाल गुरुजी गोंदियाजवळच्या गोरेगावहून फोनवर म्हणाले.

राजदीपने पुण्यातल्या खोलीत कपाळाला हात लावला. हिरवा असता तर त्याच्या पडद्यावर घर दिसलं असतं. कालपासून तिथे नुसता काळा चौकोन होता.

पेटी हे त्याचंच खूळ. प्रोग्रॅमर माणूस, घरची चीजवस्तू परक्याच्या कॉम्प्युटरवर ठेवणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून आईचे फोटो, तिने म्हटलेली भीमगीतं, सगळं त्याने जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरून बाबांच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं होतं. पेटी हे नाव बाबांनी दिलेलं.

आई गेल्यावर पेटीला कॅमेराही जोडला. बाबा गाव सोडायला तयार नव्हते, तेव्हा बापलेकात करार झाला.

"कॅमेऱ्यात ठणठणीत दिसता तोवर इथं राहा. काही बिघडलं की सामान बांधायचं आन् पुण्याला चलायचं."

"मंजूर," गुरुजी म्हणाले होते. आयुष्य त्याच घरात काढलेला माणूस, आणखी काय म्हणणार?

आणि ते दिसतही ठणठणीत. रोज संध्याकाळी कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे. तक्रार एकच, अंधार पडला तरी उठून दिवा लावत नसत.

"अंधारात काऊन बसून राहता, बाबा?"

"करंट कायले जाळू उगाच?"

म्हातारपणीचा चिक्कूपणा, दुसरं काय! राजदीपने त्यावरही तोड काढली. सूर्य मावळला की खोलीतला दिवा पेटीच लावायची. पुण्याच्या ऑफिसात त्याने ही करामत सगळ्यांना दाखवली होती. नवा स्मार्टफोन मात्र गुरुजींनी परत केला. "मले बटनाचाच बरा," म्हणाले. हट्टाला औषध नसतं म्हणून राजदीपने तोही नाद सोडला.

आता पेटीच मुकी झाली होती.

"बाबा, मागची काळी तार काढा आन् पुन्हा लावा."

"थांब, चाचपतो."

"चाचपू नका, शॉक लागंल! पाहून करा ना!"

"पाहूनच करून राहिलो."

खुडबूड ऐकू आली. "लावली," गुरुजी म्हणाले. पडदा काळाच राहिला.

"दिवा?"

"हिरवाच हाय, सांगतलं ना!"

राजदीप चिडला आणि चिडल्याची लाजही वाटली त्याला. सातासमुद्रापलीकडची यंत्रं तो बसल्या जागी दुरुस्त करत असे, आणि स्वतःच्या घरातल्या दिव्याचा रंग त्याला धड कळत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे त्याला भीती वाटत होती. बाबा खोलीत घसरून पडले तर आता कोण दाखवणार?

शेवटी त्याने शेजारच्या अनुसयाबाईंना फोन लावला. बाबांचा जेवणाचा डबा त्यांच्याकडूनच यायचा.

"मावशी, जरा आमच्या पेटीवरचा दिवा पाहून सांगता का?"



"मी कायले पाहू, बापा? गुरुजींनी सांगतलं ना हिरवा म्हणून."

"त्यांना नीट कळत नाही हो त्यातलं."

"तू एकदा येऊन जा. पेटीसाठी नाही, असाच ये."

गावाकडच्या सगळ्याच मावश्या असं म्हणतात. तरी राजदीपने रात्रीची गाडी धरली. बाबांना कळवलं नाही. कळवलं असतं तर ते नको म्हणाले असते, नेहमीसारखे.

दुसऱ्या दिवशी गोंदियाहून एसटीने तो गोरेगावला उतरला तेव्हा दिवस मावळला होता. गल्लीत सगळ्या घरांत उजेड होता, फक्त त्यांची खिडकी काळी. बरोबरच आहे, त्याला वाटलं, पेटी बंद तर दिवा लावणार कोण!

दार उघडंच होतं. रेडिओवर मोठ्याने बातम्या चालल्या होत्या. अंधारात गुरुजी खुर्चीत बसले होते, ताठ, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हातात पेपर उघडा. राजदीपला हसू आलं. चिक्कूपणा काही सुटत नाही म्हाताऱ्याचा! आधी पेटी सुरू करावी, खोलीत लख्ख उजेड पाडावा आणि मग हाक मारावी, असा बेत करून त्याने चपला काढल्या आणि भिंतीच्या कडेने कोनाडा गाठला.

मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं. पेटीवर एकही दिवा लागलेला नव्हता. हिरवा नाही, तांबडा नाही. काळी तार उंदराने अर्धी कुरतडून ठेवली होती आणि तिचं टोक नीट खाचेत बसवलेलं होतं.

म्हणजे बाबा सरळ खोटं बोलत होते! राग येऊन तो वळला, तेवढ्यात हातातला मोबाईल थरथरला. पडद्यावर 'बाबा'.

खुर्चीतल्या गुरुजींनी पेपर मांडीवर ठेवला होता आणि बटनांचा फोन कानाशी धरला होता. राजदीपने फोन घेतला. बॅटरीचा झोत थेट त्यांच्या तोंडावर पडला. डोळे सताड उघडे होते. पापणीसुद्धा लवली नाही.

"हॅलो, बेटा? आताच पाहून आलो मी," गुरुजी झोताकडे तोंड करून म्हणाले. "दिवा हिरवाच हाय. तू काही इकडं येऊ नको. आन् पाह्य बरं तुझ्या पडद्यावर, दिसून राहिलो ना मी?"