वल्कलाची मागची कड

"काका, पाठीमागं माझा हात पोचत नाही. तेवढी कड तुम्ही दाबून द्या."

पडद्याआडून मंदाकिनीचा आवाज आला आणि त्र्यंबकरावांच्या हातातली स्पिरिटगमची बाटली हातातच राहिली. कल्याणच्या हौशी नाटक मंडळात ते पंचवीस वर्षं रंगभूषा करत होते. बायकांची कामं पुरुष करायचे तेव्हा असली बिनगाठीची, उघड्या खांद्यांची वल्कलं त्यांनी कितीतरी केसाळ पाठींवर चिकटवली होती. गम लावायचा, वारा घालायचा, मग कापड टेकवून शंभर आकडे होईस्तोवर तळव्यानं दाबून धरायचं. पण ही रंगपटात आलेली पहिली बाई, शिकलेली, घरंदाज सून. सासऱ्यांच्या नाकदुऱ्या काढून तिनं एका प्रयोगाची परवानगी मिळवलेली. तो नीट पार पडला तरच पुढचा.

"ताई, परक्या बाईच्या अंगाला मी हात लावायचा नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "ब्रश देतो. जमेल तुम्हाला."

तोंड फिरवून त्यांनी बाटली पडद्याखालून सरकवली. प्रेक्षकांत बायका होत्या, एखादीला बोलावता आलं असतं. पण तिसरी घंटा झाली, आणि खरं सांगायचं तर त्र्यंबकराव स्वतःच्या सोवळेपणावर खूश होते.

दुसऱ्या अंकात ऋषिकन्या घडा उचलायला वाकली. मागची कड सुटली, पाठोपाठ बगलेतलीही. मंदाकिनीनं कापड छातीशी गच्च धरलं, पण पाठ कमरेपर्यंत उघडी पडली. पिटातून शिट्ट्या आल्या. पडदा पडेपर्यंतचा वेळ विंगेत उभ्या त्र्यंबकरावांना सरता सरेना.

"तुमचा काय दोष?" मंडळाचे चिटणीस प्रभाकरपंत नंतर म्हणाले. "तुम्ही मर्यादा पाळलीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्र्यंबकरावांना तेवढ्यानं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

अंगावरचा गम सोडवायला खोबरेल घेऊन ते रंगपटाशी गेले. मंदाकिनी शाल लपेटून बसली होती. दारात सासरे पाठ फिरवून उभे होते, बाहेर टांगा थांबलेला. पुढच्या प्रयोगाचं आता त्या घरात कोणी नाव काढणार नव्हतं.

"ताई, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी आपला तुमची अब्रू जपायला गेलो."

तिनं खोबरेलाची वाटी त्यांच्या हातून घेतली.

"काका, तुम्ही माझ्या पाठीला बोट लावलं नाहीत, म्हणून आज अख्ख्या कल्याणनं ती पाहिली."