संत माकारिओस

“माकारिओस, माकारिया, माकारिओन.”

त्रेपन्न सालच्या मे महिन्यातली दुपार. मरोळच्या घराच्या ओट्यावर लॉरेन्स ग्रीक व्याकरणाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. एकाच विशेषणाची तिन्ही लिंगांतली रूपं, मग त्यांच्या विभक्त्या. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत अनेकवचनाशी येऊन त्याचं गाडं हमखास अडायचं.

समोर त्याची आई, मार्सेलिना, वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्यांचे देठ मोडत होती. त्याची पहिली ओळ संपली तशी ती मान खाली घालून म्हणाली, “आमच्यासाठी विनंती कर.”

लॉरेन्स चपापला. रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाल्यावर एकानं संतांची नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी हेच उत्तर द्यायचं, ही घरची रीत. आईला ही संतांचीच नावं वाटली होती. लेक पाद्री होणार, म्हणजे त्याला चार संत जास्तीचे ठाऊक असणारच.

त्याला हसू आलं आणि मायाही दाटून आली. तिला थांबवायचा काही धीर होईना. तो पुढची ओळ म्हणाला, तिनं उत्तर दिलं. असं कुणी साथीला बसलं की मध्येच सोडून उठता येत नाही. बघता बघता अनेकवचनही पार पडलं, एकही चूक न होता.

आणि इथंच पंचाईत झाली. लहानपणी तो टायफॉइडमधून वाचला, तेव्हा त्याला पाद्री करायचा नवस आई देवमाता मोतमाउलीला बोलली होती. आता सेमिनरी सोडायचीय, हे तिला सांगायलाच तो सुट्टीत आला होता. सगळं खापर ग्रीकवर फोडायचं ठरलं होतं. तेवढी एक सबब होती, तीही गेली.

आईनं विचारलं, हा कुठला संत, कधी ऐकला नाही.

“संत नाही गं. ग्रीक शब्द आहे. म्हणजे धन्य, सुखी. आतून भरून पावलेला माणूस.”

मार्सेलिनाचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

“मग तू आहेस का रे तसा?”

हो म्हणायला लॉरेन्सनं तोंड उघडलं, पण डोळे भरून आले. मिरच्यांचं निमित्त होतं, पण आईला काय फसवणार.

तिनं लुगड्याला हात पुसले, त्याच्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि मिटून बाजूला ठेवलं.

“नवस मी बोलले होते, तू नव्हतास. मोतमाउलीची समजूत मी काढीन.”