साडेसातनंतर

धाकटी जाऊ रोहिणी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. अमेरिकेतल्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. काम घरातूनच, पण वेळ त्यांची. संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेतीन. उद्यापर्यंत कळवायचं होतं.

"अक्का, तुम्हीच सांगा. झेपंल काय मला?"

लग्नाला वर्ष झालं नाही आणि हिला घरबसल्या अमेरिका. बी.एस्सी. तर मीही आहे. माझ्या पोटात दुखलं, पण तोंड गोड ठेवून मी एकेक काढत गेले. जागरणानं पित्त वाढतंय. डोळे जातात. दिवसा झोपलीस तर लोक नावं ठेवतील. ती बया सगळं कागदावर लिहून घेत होती.

शेवटी मी ठेवणीतलं काढलं. "आणि ऐन स्वयंपाकाच्या वेळेला तू खोलीत जाऊन बसणार. सासूबाईंना चालंल?"

तिनं पेन खाली ठेवलं. "साडेसातला कसला स्वयंपाक, अक्का? आपण जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं हुत्यात, भांडीबी घासून पालथी पडत्यात. त्यानंतर आपण दोघी मोकळ्याच असतोय की."

मी कागदाची घडी घालून तिच्याकडं सरकवली.

"मग घेऊ न्हवं?"

"घे," मी म्हटलं.

माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढी वर्षं रोज साडेसातला मी मोकळी होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.