कर्जदार राहत असावेत

"म्हणजे एकत्र राहायचं, की नुसतं एका घरात?" नवऱ्यानं विचारलं.

कर्ज विभागातल्या बाईंनी नियमांची पुस्तिका पुन्हा उघडली. त्या या टेबलावर नव्या होत्या आणि हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. ओळीवर बोट ठेवून त्यांनी वाचलं, "पहिलं वर्षभर कर्जदार त्या घरात राहत असावेत." मग वर बघून म्हणाल्या, "दोघांनीही एका घरात. एकत्र राहण्याबद्दल सरकार काही म्हणत नाही."

"तेवढं तरी बरं," बायको म्हणाली.

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, बायको इस्पितळाच्या औषध दुकानात होती. नव्या घरात येऊन महिनाही झाला नव्हता. सामान लावताना कपाट कुठल्या भिंतीला ठेवायचं यावरून वाजलं आणि बोलता बोलता तो बोलून गेला, "तुझ्या हट्टापायी घेतलंय हे घर. मी भाड्याच्या जागेत सुखी होतो." तिनं याच घरासाठी दुसऱ्या शहरातली बढती नाकारली होती. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. शेवटी दोघांनी समजुतीनं ठरवलं की घर विकायचं आणि आपापल्या वाटेनं जायचं.

तिथंच गाडी अडली. बाईंनी दोघांना नीट समजावलं. हमी सरकारची आहे, म्हणून तर बँकेनं कमी व्याजानं आणि जवळपास हातात काही नसताना कर्ज दिलं. सरकारचं म्हणणं एवढंच, की घर राहायला घ्या, धंद्याला नको. म्हणून वर्षाच्या आत विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. विकलंत तर मिळालेली सगळी सवलत परत करा. तेवढे पैसे दोघांकडेही नव्हते.

"मग राहू वर्षभर," नवरा म्हणाला. बायकोनं मान डोलावली. दोघं उठले आणि जिन्यानं एकापाठोपाठ एक उतरून गेले.

कर्जदार खरंच राहतात का, हे बघायला अधूनमधून घरी जाणं हेही बाईंचंच काम. पहिल्यांदा त्या गेल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर उशी आणि पांघरूण होतं. फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या होत्या, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. चहाही दोन भांड्यांत झाला आणि बाईंना दोन्हीकडून कप आला. त्यांनी दोन्ही प्यायले. कागदावर लिहिलं, कर्जदार राहत आहेत. घरी जाताना मात्र त्यांच्या डोक्यातून ते घर जाईना. अशी माणसं रात्री दिवा कुणी घालवायचा हे कसं ठरवत असतील, याचा त्या विचार करत राहिल्या.

पुढे एकदा एक परिचारिका त्यांच्याकडे आली. तिचा नवरा जहाजावर होता आणि वर्षभर परतणार नव्हता. आता कर्जाचं काय, म्हणून ती रडकुंडीला आली होती. बाई तिला घेऊन साहेबांकडे गेल्या.

साहेब हसले. "अहो, 'असावेत' हे आदरार्थी आहे. सरकार कर्जदाराला अहोजाहो करतं. कर्ज दोघांच्या नावावर असलं, तरी एकानं राहिलं की झालं."

परिचारिका हसत गेली. बाईंचा चेहरा मात्र उतरला. आपण चुकीचं वाचलं आणि दोन माणसांना उगाच एका छपराखाली डांबून ठेवलं. त्यांनी लगेच नवऱ्याला बोलावून घेतलं. तो कामावरून तसाच आला, बाहीला ग्रीस लागलेलं.

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी एकानं राहिलं तरी पुरे आहे. दुसऱ्यानं केव्हाही जावं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी सरकारच्या हेल्पलाइनला फोन करून विचारलं होतं. तेव्हाच, पहिल्या महिन्यात."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर ती गेली असती." त्यानं बाहीवरचा डाग खरवडला. "बंद पडलेली लिफ्ट मी चालू करतो. तोंडातून गेलेला शब्द माघारी कसा घ्यायचा, ते मला येत नाही. तिला सांगू नका."

"कर्ज त्यांच्याही नावावर आहे. मला सांगावंच लागेल."

"हो," तो म्हणाला. "ते खरं आहे."

बाई पुढच्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेल्या. नवरा कामावर होता. बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं. बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वाचण्यात चूक झाली, एकानं राहिलं तरी चालतं, तुम्ही पहिल्या दिवसापासून मोकळ्या होतात. नवऱ्याचं बोलणं तेवढं त्यांनी पोटात ठेवलं.

बायको शांतपणे ऐकत होती. मग तिनं दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मीही हेल्पलाइनला विचारलं होतं. तिकडचा माणूस बोलका होता. कर्जाचा नंबर सांगताच म्हणाला, ताई, कालच तुमच्या मिस्टरांनी हेच विचारलं. तेव्हापासून मी वाट बघत होते, हा बॅग कधी भरतोय. तर दुसऱ्या दिवशी हा बाजारात गेला आणि खिडक्यांना पडदे घेऊन आला."